अहो, ऐकलंत का?

मैत्रिणींनो, "अहो, ऐकलंत का?" हे वाक्य तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता? कधी मोजलं नसेल. आमच्या शेजारच्या वहिनी मात्र गेली पंचवीस वर्षं ते म्हणत आल्या आणि पंचवीस वर्षं त्यांना एकच उत्तर मिळत आलं, "हं?" मग त्या आवाज चढवून पुन्हा सांगणार, आणि भाऊजी कपाळाला आठ्या घालून म्हणणार, "ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?" त्यांच्या घरातल्या निम्म्या भांडणांची सुरुवात ही अशी. माझं बोलणं यांच्या खिजगणतीत नाही, असा वहिनींनी मनाशी कायमचा हिशेब करून टाकला होता. तो हिशेब चुकीचा होता, हे कळायला २०२० साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि आमच्या भिवंडीत कधी न घडलेली गोष्ट घडली. माग थांबले. ज्यांनी आमचं गाव पाहिलं नाही त्यांना सांगते, इथं घराच्या भिंतीला कारखान्याची भिंत लागलेली असते. खाली माग, वर बिऱ्हाड, असंही असतं. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कित्येक माग इथं येऊन पुन्हा चालू लागले आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर तर हा धंदा फारच फोफावला. आज लाखो माग आहेत, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या आठ रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुढं तो खटखटाट ऐकू येईनासाच झाला, म्हणजे सवय झाली. आणि टाळेबंदीत तो थांबला तर पुन्हा झोप येईना! गल्लीतल्या आम्हां बायकांच्या तेव्हा लक्षात आलं, की आपण घरातल्या घरातसुद्धा किती मोठ्यानं बोलतो.

त्या दिवसांत घरोघरी ताप पाहायचं वेड लागलं होतं. भाऊजींनीही एकदा काखेत थर्मामीटर धरला. तो नव्या तऱ्हेचा, सेलवर चालणारा, ताप मोजून झाला की 'पीप् पीप्' वाजणारा. तो वाजला. मी दाराबाहेर उभी होते, मला ऐकू आला. वहिनींना आत ओट्यापाशी ऐकू आला. भाऊजी मात्र हात दाबून तसेच बसलेले. पाच मिनिटांनी म्हणाले, "बिघडलाय वाटतं हा. वाजतच नाही."

वहिनी हसल्या नाहीत. माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी एक एक गोष्ट जुळवायला घेतली. कोकीळ ओरडली की भाऊजींना ऐकू येई, पण खिडकीत चिमण्या चिवचिवल्या तर पत्ता नसे. मित्राचा भारदस्त आवाज फोनवर नीट कळे, धाकट्या लेकीचं बोलणं कळत नसे. म्हणजे हा माणूस बहिरा नव्हता, पण त्याला सगळं ऐकूही येत नव्हतं. हे कसं काय बुवा?

ते समजायचं तर आपल्याला कानाच्या आत जावं लागेल. घाबरू नका, शाळेतल्या आकृतीसारखं पाठ करायला लावत नाही.

आपण ज्याला कान म्हणतो, ज्यात कुडी घालतो, ती नुसती ओसरी आहे. तिचं काम आवाज गोळा करून आत ढकलायचं. तिथून सुमारे अडीच सेंटीमीटरची वाकडी नळी आत जाते आणि तिच्या टोकाला कानाचा पडदा असतो. आपल्या करंगळीच्या नखाएवढा, कागदासारखा पातळ. आवाज म्हणजे हवेचे हेलकावे. ते आले की हा पडदा थरथरतो.

पडद्याच्या मागं एक हवेची इवलीशी खोली आहे, तिला मध्यकर्ण म्हणतात. तीत तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात. त्यांची नावं मला भारी आवडतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. पहिली दोन लोहाराच्या घरची, तिसरी घोडेस्वाराची! रिकीब हे आपल्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड, लांबी साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढं. ही हाडं हवीत कशाला? तर कानाच्या सगळ्यात आतल्या भागात पाणी भरलेलं आहे, आणि हवेतला आवाज सरळ पाण्यात शिरत नाही. विहिरीत बुडी मारली की काठावरच्यांचं बोलणं कळत नाही, तसंच. म्हणून मोठ्या पडद्यावरचा जोर ही हाडं रिकिबीच्या चिमुकल्या तळव्यावर आणतात. चपलेनं पाय दिला तर जमीन खचत नाही, पण उंच टाचेनं दिला तर खड्डा पडतो, तीच युक्ती. हा दाब सुमारे वीस पट वाढतो आणि आवाज पाण्यात उतरतो.

आता आतल्या घरात. इथं शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी आहे, डॉक्टर तिला कॉक्लिया म्हणतात. आकार वाटाण्याएवढा. उलगडली तर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास भरते. (तिच्याशेजारीच तीन अर्धगोल नळ्या असतात, त्या तोल सांभाळतात. कानाच्या दुखण्यात चक्कर येते ती यांच्यामुळं. पण तो आपला आजचा विषय नाही.) या शंखाच्या आत एक पातळ पट्टी अंथरलेली आहे आणि तिच्यावर रांगेनं केसाळ पेशी उभ्या आहेत. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांची जुडी. पाण्यात लाट उठली की पट्टी हलते, केस लवतात, आणि पेशी शेजारच्या मज्जातंतूला विजेचा इशारा देते. तो मेंदूत पोचला की आपल्याला 'ऐकू येतं'.

गंमत पुढंच आहे. प्रत्येक पेशी प्रत्येक आवाजाला हलत नाही. शंखाच्या दाराशी, म्हणजे रिकिबीला लागून ज्या पेशी आहेत, त्या बारीक, उंच पट्टीच्या आवाजाला जाग्या होतात. जसजसं आत जावं तसतसे खर्जाचे आवाज. पेटीचे सूर ओळीनं मांडलेले असतात ना, अगदी तसं, फक्त गुंडाळून ठेवलेलं. पट्टीवरून लाट कशी चालते हे जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं आणि त्याबद्दल त्याला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

या पेशी किती असतील? डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात. कानात, एका बाजूला, जेमतेम पंधरा हजार. बस्स. जन्माला येताना मिळाल्या तेवढ्याच. एकदा मेली की माणसात ही पेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते, हे १९८० च्या दशकात संशोधकांना आढळलं. देवानं कोंबडीवर एवढी मेहेरबानी का केली असावी, कोण जाणे!

आता मागाकडं या. ज्यांनी धोट्याचा माग पाहिला असेल त्यांना माहीत आहे, त्यातला धोटा सुताची कांडी पोटात घेऊन ताण्यातून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातो. जातो कसला, लाकडी दांड्याचा तडाखा बसून फेकला जातो, आणि पलीकडच्या खणात आपटून थांबतो. मग उलटा तडाखा. मिनिटाला १२० फेऱ्या धरल्या तरी बारा तासांत ८६,४०० होतात. हा झाला एका मागाचा हिशेब. माणसाच्या अंगावर चार-सहा माग असतात आणि शेडमध्ये त्याच्यासारखे आणखी.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास, मिक्सर ८५-९०, आणि धोट्याच्या मागांची शेड ९५ ते १००, कधी त्याहून जास्त. तुम्ही म्हणाल, ६० आणि १०० मध्ये असा कितीसा फरक? पण हे माप पाटीवरच्या बेरजेसारखं चालत नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते. म्हणजे ६० पेक्षा १०० ची ताकद दहा हजार पट! दिवसाला ८ तास ऐकायला ८५ डेसिबल ही जाणकारांनी सांगितलेली मर्यादा आहे, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन... असं करत १०० ला पंधरा मिनिटं उरतात. भाऊजी पंधरा मिनिटं नाही, बारा तास उभे राहत होते. आठवड्याचे सहा दिवस.

कानाकडं थोडा बंदोबस्त आहे, नाही असं नाही. मोठा आवाज आला की रिकिबीला बांधलेला एक इवलासा स्नायू ताणला जातो आणि तिला आवरून धरतो. पण त्याला ताणायला क्षणभर वेळ लागतो, आणि तडाखा तेवढ्यात आत गेलेला असतो. शिवाय तासन्‌तास ताणून तो दमतो.

मग त्या केसाळ पेशींचं काय होतं, ते तुमच्या घरातल्या टर्किश टॉवेलवरून सांगते. नवा टॉवेल धुतला की त्याचे फासे ओले होऊन आडवे पडतात आणि वाळला की पुन्हा उभे राहतात. पहिली काही वर्षं कानाचंही असंच होतं. पाळीवरून आलेला माणूस संध्याकाळी जरा कमी ऐकतो, कानात 'सूं' होतं, सकाळी सगळं ठीक. त्याला वाटतं, काही झालं नाही. पण दगडावर रोज आपटून आपटून टॉवेलला एका जागी टक्कल पडतं ना? ते मग उन्हात कितीही वाळवा, फासे येत नाहीत. कानात हे टक्कल आधी पडतं ते दाराजवळ, उंच सुरांच्या जागी. सेकंदाला सुमारे ४,००० कंपनांच्या आवाजाची जागा सगळ्यात आधी जाते. थर्मामीटर नेमका त्याच सुमाराला वाजतो. चिमण्याही तिथंच चिवचिवतात. कोकीळ मात्र बरीच खालच्या पट्टीत गाते.

आणि वहिनींचं बोलणं? इथं खरी मेख आहे. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ऊ, हे खालच्या पट्टीत आणि ठसठशीत असतात. स, श, त, थ, च, फ हे सगळे वर, आणि अगदी हलके. भाऊजींना वहिनी बोलताहेत हे ऐकू येई, पण काय बोलताहेत हे कळत नसे. "साठ रुपये द्या" म्हटलं की त्यांनी 'आठ' ऐकावं, 'सात' म्हटलं की तेही 'आठ'. म्हणून त्यांची तक्रार असायची, "तू तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस." ते खोटं बोलत नव्हते हो. त्यांना तसंच ऐकू येत होतं. बायकांचा आणि मुलांचा आवाज मुळात उंच, त्यात व्यंजनं गळालेली. शेडमधल्या सोबत्यांशी त्यांचं बिनबोभाट चालायचं, कारण तिथं कोणीच नीट ऐकत नाही, सगळे हातानं नि ओठांनी बोलतात.

मग वहिनी आवाज चढवत आणि भाऊजी चिडत. याचंही उत्तर कानातच आहे. पेशी मेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो, किंबहुना बोचतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यातली जागाच आखडते. म्हणजे 'ऐकू आलं नाही' आणि 'ओरडतेस कशाला', दोन्ही खरं! पंचवीस वर्षांच्या रागाचं मूळ असं वाटाण्याएवढ्या जागेत सापडल्यावर वहिनींना रडू आलं. मला म्हणाल्या, "ताई, मी काय काय बोलले असेन ह्यांना."

या दुखण्याला कोणी नवीन समजू नये. तांबटांचे कान ठोकून ठोकून जातात, हे इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरनं सुमारे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. पुण्याच्या तांबट आळीतून जाताना मला नेहमी त्याची आठवण होते. इंग्लंडात लँकेशायरच्या मागांवर बायकाच जास्त, आणि आवाजात बोलता येईना म्हणून त्यांनी ओठ मोठाले हलवून बोलायची एक रीतच बसवली होती. घरी गेल्यावरही त्या तशाच बोलत. स्कॉटलंडमध्ये डंडी गावच्या तागाच्या विणकर बायकांच्या कानांची पद्धतशीर पाहणी १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या बायकांनी आयुष्य मागावर काढलं होतं, आणि काळ वाढेल तसा बहिरेपणा वाढतो हे त्यात स्पष्ट दिसलं. आपल्याकडं कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत आवाजानं येणारा बहिरेपणा १९८७ साली दाखल झाला. नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याचा उल्लेख आला. पण हे कागदावर. हातावर मोजण्याइतके कामगार असलेल्या छोट्या कारखान्यात कायदा सहसा पोचत नाही, आणि हा रोग दुखत नाही, रक्त काढत नाही, त्यामुळं कोणी बोंब मारत नाही. मला विचाराल तर आपल्या गावाचं खरं दुर्दैव हेच आहे. तुटलेलं बोट सगळ्यांना दिसतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, मैत्रिणींनो, हे दुखणं ज्याला झालंय त्याला सगळ्यात शेवटी कळतं. पहिलं कळतं ते घरच्या बाईला. टीव्हीचा आवाज वाढत चालला, लेकीचं बोलणं 'हं? हं?' करून विचारायला लागले, चार माणसांत बसले की गप्प राहायला लागले, रात्री 'कानात रातकिडे ओरडतात' म्हणायला लागले, तर रुसू नका. कानाच्या डॉक्टरकडं घेऊन जा. त्यात उपचार होण्याजोगंही काही निघू शकतं: कानात मळ साचला असेल, पडद्याला भोक असेल, पडद्यामागं पाणी झालं असेल. हे बरं होतं. तपासणीत बंद खोलीत कानाला यंत्र लावून निरनिराळ्या पट्टीचे आवाज ऐकवतात आणि त्याचा आलेख काढतात. भाऊजींचा आलेख मी पाहिला. सरळ चाललेली रेघ ४,००० पाशी खड्ड्यात पडावी तशी खाली गेलेली. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "माग चालवता का?"

वांद्र्याला रेक्लमेशनवर, १९८३ साली स्थापन झालेली, अलि यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, ती केवळ श्रवण आणि वाचा या दोषांसाठीच. तिथं तपासणी होते, आणि उत्पन्न कमी असेल तर सरकारी योजनेतून श्रवणयंत्राला मदतही मिळते. जाताना उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, हेलपाटा वाचेल.

दुसरी गोष्ट उरलेलं सांभाळण्याची. गेलेल्या पेशी येत नाहीत, पण आहेत त्या राखता येतात, आणि तरुण कामगाराच्या तर सगळ्याच राखता येतात. कापडाच्या गावात कापूस फुकट, म्हणून पुष्कळजण कापसाचा बोळा कोंबतात. त्याचा उपयोग फार थोडा. कापसातून आवाज आरामात जातो. औषधांच्या दुकानात मऊ फोमची बुचं मिळतात, स्वस्त असतात. ती घालायची एक हातोटी आहे, ती तुम्हीच घरी शिकवा. हात धुवून बूच बोटांत वळून बारीक सुरळी करायची. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढायची म्हणजे वाकडी नळी सरळ होते. मग बूच आत सारून अर्धा मिनिट बोटानं दाबून धरायचं. तेवढ्यात ते फुगून घट्ट बसतं. नुसतं तोंडाशी अडकवलं तर कापसाच्याच लायकीचं राहतं. "बूच घातलं तर माग बिघडलेला कळत नाही" अशी सबब ऐकायला मिळेल. पहिले काही दिवस तसं वाटतं खरं, मग कान सरावतो आणि बदललेला ठेका बुचातूनही ओळखू येतो. हल्ली काही ठिकाणी धोट्याशिवायचे माग आले आहेत, पण त्यांचाही आवाज काही गप्प बसण्यातला नाही. तिथंही बूच हवंच.

तिसरी गोष्ट तुमच्या बोलण्याची. स्वयंपाकघरातून हाक मारू नका. समोर जा, तोंडावर उजेड असू द्या, पदर तोंडाशी धरू नका, नळ बंद करा आणि नेहमीच्याच आवाजात जरा सावकाश बोला. एखादा शब्द कळला नाही तर तोच ओरडून सांगू नका, निराळ्या शब्दांत सांगा. 'साठ' कळत नसेल तर 'पन्नास आणि वर दहा' म्हणा. वहिनींनी हे सुरू केलं तेव्हा आठवडाभर भाऊजींना संशय आला, की हिला पैसे हवेत की काय!

आता विषय निघालाच आहे तर घरातल्या बाकीच्या कानांबद्दल दोन शब्द. मुलांच्या कानात केसातली पिन, काडी, कानकोरणं घालणं सोडा. मळ हा कचरा नव्हे, तो कानाचा पहारेकरी आहे, आणि कातडीबरोबर सरकत तो आपोआप बाहेर येतो. आपण काडी घालून त्याला उलटा आत ठोकतो. कान ठणकला की लसूण घातलेलं गरम तेल सोडायची आपली जुनी खोड आहे. माझ्या सासूबाईंचीही होती. पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ मध्यकर्णात जातं, आणि ओलसर कानात बुरशीही धरते. लहान मुलांना सर्दीबरोबर कान दुखतो त्याचं कारण वेगळं. मध्यकर्णातून घशाकडं एक नळी जाते, ती मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून नाकातला संसर्ग लवकर कानात चढतो. बाळाला निजवून बाटलीनं दूध पाजू नये असं सांगतात ते यासाठीच. आणि हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा: कोणालाही, कोणत्याही वयात, एका कानानं एकाएकी ऐकू येईनासं झालं तर 'होईल बरं' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्या दुखण्यात पहिल्या काही दिवसांतल्या औषधाचाच गुण येतो.

भाऊजींना श्रवणयंत्र मिळालं. ही गोष्ट चष्म्यासारखी नसते, घातलं आणि लख्ख दिसलं असं होत नाही. पहिल्या दिवशी त्यांना भांड्यांचा आवाज सहन होईना, वर्तमानपत्राची घडी उलगडली तरी दचकायचे, आणि तिसऱ्या दिवशी यंत्र कपाटात गेलं. वहिनींनी न भांडता ते पुन्हा काढलं. आधी रोज एक तास, घर शांत असताना, मग दोन तास, असं करत दीड महिन्यानं ते अंगवळणी पडलं. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखून घ्यावे लागतात, त्याला वेळ लागणारच. एके संध्याकाळी विचारू लागले, "हे किणकिण काय वाजतंय मघापासून?" वहिनींच्या बांगड्या होत्या.

मागावर असताना यंत्र काढून खिशात, कानात बुचं. घरी आलं की बुचं खिशात आणि यंत्र कानात. थोरला मुलगा गेल्या वर्षापासून मागावर जातो, त्याची बुचं वहिनी डब्याबरोबर देतात. विसरला तर डबा परत मागवतात म्हणे!

राहता राहिल्या त्या स्वतः वहिनी. पंधरा वर्षं त्या घरात बसून कांड्या भरत होत्या, पाठीमागच्या भिंतीपलीकडं माग. मी म्हटलं, "वहिनी, आता तुमचेही कान एकदा तपासून घेऊ." तर म्हणाल्या, "माझं काय मेलं, मला सगळं ऐकू येतं."

भाऊजीही हेच म्हणायचे. मी त्यांच्या तपासणीचा पुढच्या मंगळवारचा नंबर लावून ठेवला आहे.